साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल कशासाठी?

शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी वही घेऊन बसते. एक पान ‘स्टँडिंग लाइन’, एक पान ‘स्लीपिंग लाइन’. रेघ वाकडी गेली की आई खोडरबर फिरवते, मुलगी रडते, मग आईचेही डोळे भरतात. पान अपुरे राहिले तर डायरीत शेरा येतो. या आईला मी दोष देत नाही. जितक्या लवकर लिहिते कराल तितके मूल हुशार होईल, या समजुतीचे ओझे तिच्यावर आहे. ही समजूत शिकलेल्या घरांत नांदते, म्हणून तिला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही. पण पुराव्यावाचून मानलेली आणि मुलाला रडवणारी गोष्ट दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखायची?

जन्मतः मनगटाची आठही हाडे कूर्चेची असतात. ती पुढे वर्षानुवर्षे एकेक करून घट्ट होतात. हात आधी खांद्यातून, कोपरातून ताब्यात येतो, बोटे शेवटी. माती मळणे, मणी ओवणे, शेंगा सोलणे हीच लेखनाची तयारी. न्यूझीलंडमध्ये पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनीही आठवावे, जुन्या संस्कारग्रंथांत विद्यारंभ पाचव्या वर्षी सांगितला आहे.

महाराष्ट्राला तर हे कधीच कळायला हवे होते. ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचे काम मांडले. सोबत अनुताई वाघ होत्या. माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती; ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हाताशी घेतली. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड असते, हे ध्यानात आल्यावर पाळणाघर शाळेला जोडले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने बदलावे, ही बुद्धीची आणि माणुसकीची रीत होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव उचलले, मुलाला समजून घेण्याची ती रीत किती उचलली? अंगणवाडी सेविका वजने घेते, आहार वाटते, लसीकरणाला मुले जमवते, मोबाइलवर नोंदी भरते. शिकवण्याला मग उरते काय? २०१८ मध्ये केंद्राने तिला मिळणारी रक्कम वाढवून महिना ४५०० रुपये केली, त्यात राज्याची भर पडते. पण ते अजून ‘मानधन’च आहे, वेतन नाही. पूर्ण दिवस राबणाऱ्या बाईला सेवाभावी म्हणून गौरवायचे आणि कामगाराचा हक्क नाकारायचा, ही अप्रामाणिकता आहे.

खेळातून शिकवण्यावर एक आक्षेप मात्र मनापासून येतो, तोही कष्टकरी आईकडून: “खेळ घरीही होतो, मग शाळेत कशाला धाडू?” तिला नीट उत्तर मिळालेच पाहिजे. जाणती ताई मुलापुढे चिंचोके आणि शिंपले ठेवते, सारखे ते वेगळे काढायला सांगते, लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला सांगते, “हे इथे का ठेवलेस?” असे विचारते आणि उत्तराची वाट पाहते. वर्गवारी, क्रम, कारण: गणित यावरच उभे राहते. घरच्या बोलीत उत्तर देता आले की मूल पूर्ण वाक्यात विचार करू लागते. पाढे घोकणाऱ्या मुलाला हे मिळत नाही, मग त्याची शाळा कितीही महागडी असो.

गेल्या रविवारी त्या शेजारणीच्या घरी आजीने नातीपुढे सुपात वाल ओतले. अर्धा तास ती निवडत होती. चांगले एकीकडे, किडके दुसरीकडे, खडे तिसरीकडे. वही आत कपाटात होती. एक दाणा चिमटीत धरून तिने विचारले, “आजी, ही अळी आत शिरली कुठून?”