पत्रादेवीच्या अलीकडची बाटली

मुंबई-गोवा महामार्गावर बांदा सोडलं की थोड्याच वेळात पत्रादेवीचा नाका येतो. नाक्यापलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. माझी एक मावसबहीण बांद्याला राहते. दर उन्हाळ्यात ती रातांबे फोडते, मीठ लावून बरणीत मुरवते, सुटलेला रस गाळते आणि आगळाच्या बाटल्या भरते. हंगामात शे-दीडशे बाटल्या होतात, वीस-पंचवीस हजारांची विक्री. २०२२ साली तिच्या भाच्यानं एका ऑनलाइन बाजारपेठेवर तिचं खातं उघडून द्यायचं मनावर घेतलं. नाव, पत्ता, बँक खातं, सगळं भरून झालं आणि लाल चांदणीच्या एका रकान्यापाशी दोघंही थांबली. तिथे जीएसटी क्रमांक हवा होता. बहीण म्हणाली, “माका खंय दुकान घालूचा आसा? चार बाटले विकूचे आसत.”

या वाक्यात करचुकवेगिरी शोधणाऱ्याला ती सापडायची नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी तिनं वर्षाला १०० रुपये भरून आधीच केली होती. नियम पाळायला तिची ना नव्हती. आपण जे नाही ते कागदावर व्हावं लागतंय, एवढंच तिला खटकलं होतं.

तेव्हाचा कायदा असा होता. गल्लीतल्या दुकानदाराला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नव्हती. करपात्र माल ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्याला मात्र पहिल्या रुपयापासून सक्तीची होती. नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरायचं आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. हंगाम दोन महिन्यांचा, विवरणपत्रं बारा महिन्यांची.

क्रमांक मागणं चूकच आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘घरगुती’ अशी पाटी लावून गोदामं चालवणारे लोक आहेत. कर भरून धंदा करणाऱ्या दुकानदाराच्या पोटावर ते पाय आणतात. रोखीच्या बाजारात सरकारला दिसत नव्हतं ते इथे बाजारपेठेच्या संगणकात आपोआप नोंदलं जातं. ती नोंद कोणाची हे कळण्यापुरता एक क्रमांक हवाच. प्रश्न पुढचा आहे. आपण माणसाची ओळख विचारतोय की त्याला व्यापारी ठरवून व्यापाऱ्याची कर्तव्यं त्याच्या गळ्यात घालतोय? ओळख आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पहिला फटका सर्वांत लहान माणसाला बसतो.

आयकराच्या कायद्याला हा फरक कळलेला दिसतो. १ ऑक्टोबर २०२० पासून ऑनलाइन बाजारपेठेनं विक्रेत्याच्या रकमेतून कर कापायचा असं ठरलं. पण वर्षाला ५ लाखांपर्यंत विक्री असलेल्या व्यक्तीनं पॅन किंवा आधार दिलं तर काहीच कापायचं नाही. पुढे हा दर १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला. क्रमांक दिलाच नाही तर मात्र ५ टक्के. म्हणजे ओळख सांगा आणि मोकळे व्हा. जीएसटीलाही हे शहाणपण १ ऑक्टोबर २०२३ ला सुचलं. मर्यादेखालच्या विक्रेत्यानं पॅन आणि पत्ता द्यायचा, त्यावर एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विकायला लागायचं. पूर्ण नोंदणी नाही, विवरणपत्रं नाहीत.

भाच्यानं पुन्हा फोन हातात घेतला. या वेळी पॅनवरचं नाव अडलं, कारण पॅन माहेरच्या नावाचं आणि बँकेचं पासबुक सासरच्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हा अडथळा चांगलाच ठाऊक असतो. तो महिन्याभरात सुटला आणि मग सवलतीची खरी अट समोर आली. माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. बांद्याची बाटली राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीला जाऊ शकते. अर्ध्या तासावरच्या पेडण्याला नाही.

या अटीमागे तर्क नाही असं नाही. जीएसटी माल वापरला जातो त्या राज्याला मिळतो, म्हणून सीमा ओलांडणाऱ्या मालावर नजर हवी. पण मर्यादेखालच्या विक्रेत्याकडून कर मुळात घ्यायचाच नाही, तर वाटून घ्यायला राहतं काय? शिवाय सेवेच्या बाबतीत हीच सीमा २०१७ सालीच पुसली गेली आहे. बांद्यात बसून गोव्यातल्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. शिकवणी सीमा ओलांडते, आगळ ओलांडत नाही.

क्रमांकाची भीती फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत पूर्वी २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार या दोन्हींच्या वर गेलेल्या विक्रेत्याची माहिती बाजारपेठा करखात्याला कळवत. २०२१ च्या कायद्यानं ही रेषा थेट ६०० डॉलरवर आणली. अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलावी लागली आणि २०२५ साली जुनीच रेषा परत आली. अडचण साधी होती. हजार डॉलरला घेतलेली सायकल साडेसहाशेला विकणारा माणूस तोट्यात असतो, पण खात्याकडे जाणाऱ्या कागदावर साडेसहाशेची जमा दिसते. युरोपीय संघानं २०२३ पासून आपली रेषा आखताना निदान कपाट रिकामं करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला. वर्षात ३० पेक्षा कमी वस्तू विकल्या आणि २,००० युरोंपेक्षा जास्त मिळाले नाहीत, तर त्याची माहिती कळवायची नाही.

जमा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे विसरलं की काय होतं ते जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात दिसलं. यूपीआयवर आलेल्या रकमा पाहून तिथल्या वाणिज्य कर विभागानं हजारो छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. ज्यांच्या मालावर करच नाही असे भाजीवालेही त्यात आले. काही दिवसांत बंगळुरूच्या टपऱ्यांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. उजेडात आलेली माणसं पुन्हा अंधारात गेली, आणि त्यांना तिकडे ढकललं ते उजेड पाडणाऱ्यांनीच.

म्हणून क्रमांक मागा, पण पॅनसारखा एकच, एकदाच. तो कशासाठी वापरला जाईल हे विक्रेत्याला त्याच्या भाषेत सांगा. मर्यादेच्या आत राज्याची सीमा आड आणू नका. आणि जमेचा आकडा हा चौकशीचा पहिला प्रश्न असू द्या, निकाल नको.

बहिणीनं ते खातं पुढे वापरलंच नाही. आता आगळाची मागणी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर येते, पैसे दिराच्या खात्यात जमा होतात आणि बाटल्या कुणा ना कुणाच्या गाडीतून पत्रादेवीपलीकडे जातात. तिच्या वहीत प्रत्येक बाटलीची नोंद आहे, कोणाला दिली आणि किती रुपये आले. सरकारला हवी होती ती हीच वही. २०२२ साली ती उघडून दाखवायला बहीण तयार होती.