पडद्याआडचा ट्रंपेट

वाजविणाऱ्याचे तोंड पाहून त्याच्या वाजविण्याचा निवाडा करावा, की न पाहता? प्रश्न ऐकायला सोपा आहे. सूर कानाने ऐकायचे असतात, तिथे डोळ्यांचे काय काम, असे कोणीही म्हणेल. पण युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रांना एवढी साधी गोष्ट अमलात आणायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला आणि अजूनही ती सगळीकडे पूर्णपणे मानली गेली आहे असे नाही. आम्ही जालन्याची माणसे. सिंफनी आमच्या वाट्याला आली ती रेडिओवर, चुकूनमाकून. ट्रंपेट मात्र आमच्या ओळखीचा. लग्नाच्या वरातीत, संदलच्या मिरवणुकीत, गणपतीपुढे तो ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. तरीही त्या परक्या रिवाजात आम्हाला आपल्याच घरातला एक जुना प्रश्न दिसतो.

आधी तिकडची रीत सांगतो. ऑर्केस्ट्रात शंभरएक वादक असले तरी ट्रंपेटवाले तीन किंवा चार. कोणी निवृत्त झाला किंवा सोडून गेला तरच जागा निघते आणि नामांकित ऑर्केस्ट्रात अशा एका जागेसाठी शंभराच्या वर अर्ज येतात. उमेदवाराला नाव नसते, क्रमांक असतो. रंगमंचावर पडदा लावलेला, पलीकडे परीक्षक. उमेदवाराने तोंडातून शब्द काढायचा नाही. काही विचारायचेच असेल तर सोबत दिलेल्या माणसाच्या कानात सांगायचे, तो पुढे विचारतो. पावलांच्या आवाजावरून बाई की बुवा हे कळू नये म्हणून चालण्याच्या वाटेवर गालिचा अंथरतात. वाजवायचे तुकडे आधी कळविलेले असतात. त्यांत बहुधा माहलरच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात असते. १९०४ साली कोलोन शहरात ती पहिल्यांदा सादर झाली. तिच्या आरंभी सगळा वाद्यवृंद गप्प बसलेला असतो आणि एकटा ट्रंपेट बोलतो. मुसोर्गस्कीच्या चित्रमालिकेवरच्या रचनेला रावेलने १९२२ साली वाद्यवृंदाचा साज चढविला, तिथेही पहिले सूर एकट्या ट्रंपेटचेच. व्हायोलिनवाल्याची चूक पंधरा जणांत लपून जाते. ट्रंपेटवाल्याची लपत नाही. ओठ किंचित थकला की सूर फुटतो आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. वर्षानुवर्षांचा रियाज आणि पडद्यापुढची ती काही मिनिटे, असा हा मामला आहे.

हा पडदा आला कुठून? बोस्टनच्या ऑर्केस्ट्राने १९५२ साली तो पहिल्यांदा लावला. बाकीच्यांनी पुढे वीसेक वर्षांनी. त्याआधी जागा भरायची ती संचालकाच्या मर्जीने आणि नावाजलेल्या गुरूच्या शिफारशीने. बायका कमी ताकदीच्या, त्यांच्या फुंकेत दम नाही, असे जाणते लोक छातीठोकपणे सांगत. १९६९ साली दोन कृष्णवर्णीय वादकांनी न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्राविरुद्ध भेदभावाची तक्रार केली, तेव्हा हा प्रश्न चव्हाट्यावर आला. अमेरिकेतल्या पहिल्या पाच ऑर्केस्ट्रांत १९७० साली बायका शेकड्याला पाचसुद्धा नव्हत्या. १९९७ पर्यंत त्या पंचवीसच्या आसपास गेल्या. यात पडद्याचा हात किती, यावर २००० साली क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउझ या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एक गाजलेला लेख लिहिला. त्यातल्या आकडेमोडीवर पुढे शंका घेतल्या गेल्या आणि त्या रास्तही असतील. पण जाणत्या कानांनाही डोळे फसवितात, एवढे मान्य करायला आम्हाला आकड्यांची गरज वाटत नाही.

कारण आमचा अनुभव. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तिथवर आमची पोरे निर्धास्त असतात. नाव लागते ते त्यानंतर. पुण्या-मुंबईत खोली शोधणाऱ्या आमच्या मुलांना हे विचारा. फोनवर मराठी ऐकून खोली रिकामी असते. नाव सांगितले की ती भरते. फोनची तार हा पडदाच म्हणायचा, तो उठेपर्यंत सगळे सुरेल! मुलाखतीला गेलो की कौतुक होते, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ जणू जालन्या-अंबडच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहून आम्ही अरबी बोलायला हवे होते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहून त्यांनी खाजगी नोकऱ्यांसाठी अर्ज धाडले. शिक्षण सारखेच, फक्त नावे वेगळी. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत मुसलमान नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांश निघाली. दलित नावाला दोनतृतीयांश. अर्जातला बाकीचा मजकूर अक्षरश: तोच होता.

मग पडदा हवाच, असे कोणी घाईने म्हणेल. पण आमच्यातलाच एखादा मानी माणूस इथे अडवतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. तो म्हणतो, माझे नाव माझ्या बापाने ठेवले आहे. ते लपविले तरच मला इन्साफ मिळणार असेल, तर तो इन्साफ मला मिळालाच नाही; मी नसतानाच तो झाला. पडद्याची शिक्षा नेहमी आम्हालाच का? पडदा या शब्दाची आमच्या बायकांनी मोजलेली किंमत आम्हाला ठाऊक आहे. पुरुषाची नजर वाईट म्हणून बाईने झाकून घ्यायचे, तसेच परीक्षकाचे मन गढूळ म्हणून उमेदवाराने झाकून घ्यायचे, हा तोच उफराटा न्याय नव्हे काय?

आक्षेप जोरदार आहे, पण आम्हाला तो पुरता पटत नाही. घरातला पडदा बाईला दाराबाहेरच्या जगापासून तोडतो; ऑडिशनचा पडदा दाराबाहेर ठेवलेल्याला आत येऊ देतो. शिवाय तिथे खरोखर बांधलेले असतात ते परीक्षकाचे डोळे. ‘माझ्या मनावर माझाच भरवसा नाही, म्हणून मला पाहू देऊ नका,’ अशी ती जाहीर कबुली आहे. लाज असलीच तर ती कबुली देणाऱ्याची, आणि अशी लाज वाटणे हे भल्या माणसाचे लक्षण आहे.

पडद्याशिवाय न्याय झाल्याचा दाखला आमच्या परंपरेत आहेच. नमाजासाठी लोकांना कसे बोलवावे असा विचार मदिनेत चालला होता, तेव्हा कर्णा फुंकावा अशीही सूचना आली होती, असे हदीसमध्ये येते. शेवटी माणसाचा आवाज पसंत झाला. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले होते अब्दुल्ला बिन जैद यांनी, पण ते बिलालला शिकवा, त्याचा आवाज तुमच्यापेक्षा सरस आहे, असे हजरत मुहंमद पैगंबरांनी (स.) सांगितले. बिलाल हबशी होते, गुलामीतून सुटलेले होते, आणि हे सगळ्यांना दिसत होते. काही झाकावे लागले नाही. मात्र निवडणारा त्या तोलाचा असला तरच हे जमते. परीक्षक मंडळ नेमताना अशी माणसे मिळतील असे धरून चालता येत नाही.

आता पडद्याची मर्यादा पाहू. ट्रंपेटच्या थोरल्या भावंडाचे, ट्रोंबोनचे, उदाहरण घेतो. १९८० साली म्युनिकच्या ऑर्केस्ट्रात मुख्य ट्रोंबोनवादकाची जागा निघाली. तेहतीस उमेदवार होते. अॅबी कोनंट या अमेरिकन बाईंना आलेले पत्र ‘श्रीयुत’ म्हणून आले होते! उमेदवारांपैकी एक जण ओळखीच्या घरातला निघाला म्हणून त्या दिवशी पडदा लावला गेला. सोळाव्या क्रमांकाचे वाजविणे ऐकून संचालक चेलिबिदाके यांनी हाच आपला माणूस असे ठरवून टाकले आणि उरलेल्यांना परत पाठविण्यात आले. पडद्यामागून बाई बाहेर आली. १९८२ साली तिला दुय्यम जागेवर उतरविण्यात आले. या जागेला पुरुष हवा, हे कारण. बाईंनी कोर्टात धाव घेतली. फुप्फुसात पुरेसा दम आहे हे सिद्ध करायला वैद्यकीय तपासण्या करून घ्याव्या लागल्या. जागा मिळाली, मग सारख्या पगारासाठी पुन्हा लढा. सगळे मार्गी लागेपर्यंत १९९३ उजाडले. काही मिनिटांच्या पडद्याने जे दिले, ते टिकवायला तेरा वर्षे गेली. नोकरी पडद्याआड करता येत नाही, ती चारचौघांतच करावी लागते.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी, आणि ती कळायला आमच्या गल्लीत यावे लागेल. पडदा न्याय करतो तो त्याच्यापुढे येऊन उभा राहिलेल्याला. मुंबईच्या एनसीपीएत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. देशातला हा व्यावसायिक ऑर्केस्ट्रा, पण त्यासाठी बरेचसे वादक परदेशातून, विशेषत: कझाकस्तानातून आणावे लागले. इकडे आमच्या मुलुखात ट्रंपेट फुंकणारे कमी का आहेत? पण बँडमधला पोरगा शिकतो कसा ते पाहा. आधी झुनझुना हलवायचा किंवा दिवा डोक्यावर घेऊन चालायचे, मग ताशा-ढोल, मग एखादे मोठे पितळी वाद्य, आणि ओठ तयार झाल्यावर ट्रंपेट. बाजा बहुधा मेरठच्या जली कोठीतला, जिथे १८८५ साली सुरू झालेली नादिर अली कंपनी फौजी आणि लग्नाच्या बँडसाठी वाद्ये घडवीत आली. धून कानावरून उचलायची. जुन्या मास्तरांपैकी काहींना नोटेशन वाचता येई. आता ते दुर्मिळ. लग्नसराई संपली की हाच पोरगा रंगकाम करतो, हातगाडी लावतो किंवा एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात हमाली करतो. चार तास वरातीबरोबर उन्हात चालत फुंकण्याचा दम त्याच्यात आहे. माहलरच्या त्या चार ओळी कागदावरून त्याला वाचता येणार नाहीत, आणि पडदा त्याला नापास करील. पडद्याची यात चूक नाही. तो ऐकतो तेवढेच जाणतो.

अमेरिकेत २०२० साली यावरूनच मोठा वाद झाला. पडदा असूनही तिथल्या ऑर्केस्ट्रांत कृष्णवर्णीय वादक शेकड्याला दोनही नव्हते. तेव्हा पडदा काढा आणि माणूस पाहूनच निवडा, असे एका बाजूचे म्हणणे. आम्ही या बाजूचे नाही. पाहून निवडण्याची सवलत एकदा दिली, की ती कोणाच्या फायद्याची ठरते हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. ती मुले पडद्यापर्यंत पोचत का नाहीत, याचे उत्तर पडद्याच्या वीस वर्षे आधी शोधायला हवे. कोणाच्या हातात बाजा दिला गेला, शिकविणारा कोण होता, मुंबईच्या तिकिटाचे पैसे कोणी भरले, हे तिथले सवाल आहेत.

आणि आणखी एक पडदा आहे, ज्याबद्दल कोणी वाद घालीत नाही. गोव्याच्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांचा ट्रंपेट १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीताबरोबर अवघ्या हिंदुस्थानने ऐकला. ते निदान पडद्यावर दिसले तरी. त्या काळच्या स्टुडिओंत वाजविणारे शेकडो वादक श्रेयनामावलीतून गळालेले आहेत. सूर घराघरांत, नाव कुठेच नाही. ऑडिशनमध्ये नाव झाकतात ते सूर नीट ऐकता यावा म्हणून. इथे नाव नाही, कारण ते विचारावे असे कोणाला वाटले नाही. बँडवाल्याचा सोनेरी काठाचा लाल गणवेश हाही त्याच जातीचा पडदा. त्या कोटात रफिक आहे की रमेश, हे वरातीला ठाऊक नसते, आणि ही समता आहे असे मानून खूश होणारे भाबडे लेखक आम्ही वाचले आहेत. (गंमत अशी, की कयामतच्या दिवशी इस्राफील जी तुतारी फुंकतील तिचे नावच ‘सूर’ आहे. मराठी सुराशी तिचे नाते नाही, पण बँडवाल्याला हे सांगितले तर त्याला बरे वाटते.)

जालन्यात ट्रंपेटची जागा भरते ती भर लग्नसराईत, भर रस्त्यात. एका दिवसात तीन सुपाऱ्या घेतलेल्या असतात. तिसऱ्या वरातीत मास्तरचा ओठ फुटतो, रक्त येते. तो बाजा तोंडापासून काढतो, मागच्या रांगेतल्या पोराकडे पाहतो आणि मान हलवितो. पोरगा पुढे येतो. धून मध्येच तुटत नाही. नाचणाऱ्यांपैकी कोणाच्या लक्षातही येत नाही. नवरदेवाचा मामा एवढेच ओरडतो, ‘ए बँडवाले, जरा जोरात!’