ज्याचं त्याला

ढोकी गावात समुद्राचं नाव काढलं तर माणसं हसतील. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे याच स्टेशनावरून गेली. इथं घागरीची चिंता, समुद्राची कुठली? पण वाट आहे. या शिवारातलं पावसाचं पाणी ओढ्या-ओढ्यांनी तेरणेत जातं, तेरणा माकणीच्या धरणातून पुढं मांजरेला मिळते, मांजरा तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. ओढ्यात टाकलेल्या पिशवीला समुद्र दिसो न दिसो, वाटेत पाणी पिणारी गावं पुष्कळ लागतात.

तर अशा एका ओढ्याची ही गोष्ट. माणसं गोष्टीतली आहेत, म्हणून त्यांना नावं नाहीत.

गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी मोबाइलवर मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याचा व्हिडिओ पाहिला. तिथं अफरोज शहा नावाच्या वकिलानं ऑक्टोबर २०१५ मध्ये कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हा सोबतीला चौऱ्याऐंशी वर्षांचे एक शेजारी होते, बस्स. मग माणसं येत गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शहांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. पोरं म्हणाली, आपल्याकडं कासवं नसली तरी ओढा तर आहे.

रविवारी सकाळी पोरं ओढ्यात उतरली. बाभळीला अडकलेल्या कॅरीबॅगा, चहाचे कप, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, फवारणीच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्यांना ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. ओढा लख्ख झाला, फोटो निघाले. पुढच्या रविवारी बघतात तर ओढा पुन्हा होता तसाच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. निम्मी पोरं गळाली. उरलेली पुलाच्या कठड्यावर बसून गावाला शिव्या देऊ लागली.

पुलाजवळ एक आजी भाजी विकायला बसायची. तिनं विचारलं, "एवढं गोळा करून काय करायलाव रे त्याचं?"

"पेटवून देतो, आजी."

"दुसऱ्याची वस्तू पेटवून देताव व्हय? सापडलेली चीज ज्याची त्याला द्यावी."

पोरं हसली. आजी हसली नाही. तिनं गोण्या उलट्या करायला लावल्या आणि भाजी निवडावी तसा कचरा निवडून घेतला. कप एकीकडं, पत्रावळ्या दुसरीकडं, पिशव्या तिसरीकडं. मग म्हणाली, "भांडायचं न्हाई. दोन्ही हातांनी द्यायचं, आन् म्हणायचं, तुमचं हे वढ्यात पडलं व्हतं."

गाडगेबाबा दिवसा खराटा चालवायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. पोरांनी खराटा तेवढा घेतला होता. प्रश्न या आजीकडून आला.

मंगल कार्यालयाच्या मालकानं पत्रावळ्यांची गोणी घेतली आणि न बोलता आत ठेवली, कारण समोर पाहुणे बसले होते. किराणावाला मात्र तापला. "पिशवी मी दिली, फेकली गिऱ्हाइकानं. मला कशाला?" पोरांना उत्तर सुचेना. त्यांनी येऊन आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. मग गिऱ्हाइकाला म्हणावं, घरून पिशवी आण." चहावाल्याचं म्हणणं तर आणखी खरं होतं. काचेचे ग्लास ठेवले तर ते धुवायला पाणी कुठून आणू? टँकरच्या गावात हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, आणि आजीनंही तो उडवला नाही. "बसून पिणाऱ्याला तरी ग्लासात दे म्हणावं," एवढंच म्हणाली.

शेवटी चिखलानं भरलेली एक मोठी गुंडाळी उरली. उलगडली तर वाढदिवसाचं फ्लेक्स निघालं. वर गावच्या पुढाऱ्याचा, म्हणजे भाऊंचा, गॉगल घातलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत याच पोरांची तोंडं, हात जोडलेली. वादळात तारेवरून तुटून ते ओढ्यात गेलं होतं, आणि नवीन लावायच्या घाईत जुनं शोधायला कुणी गेलं नव्हतं.

"हे कुणाला द्यायचं?" आजीनं विचारलं.

कुणी बोललं नाही. मग त्यातल्या एकानं फ्लेक्स धुतलं, घरी नेलं आणि कडब्याच्या गंजीवर घातलं, तोंडं आतल्या बाजूला करून. पुढच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावायचं का, यावर मंडळात बरीच वादावादी झाली. शेवटी लावायचं नाही असं ठरलं. भाऊ थोडे नाराज झाले.

पुढच्या रविवारी ओढ्यात कचरा होताच, पण गोण्या कमी लागल्या. कप अजून बरेच होते. आजीनं ते वेगळे काढायला लावले आणि एका पोराच्या हाती देऊन म्हणाली, "जा, त्याचे त्याला देऊन ये. आन् तिथंच बसून चहा पी, न्हाईतर त्याला वाटंल आपण भांडायलाच येतो. ग्लासात माग."