कौतिकच्या शेजारी थोडा वेळ

कादंबरी लिहायला बसला आहात. वही उघडी राहू द्या, पेन जरा बाजूला ठेवा. अकोल्यातली मे महिन्याची दुपार असेल तर दार लोटून घ्या. श्वास आपोआप संथ होईल. शेवट कसा करू, कुणाला आवडेल, असले प्रश्न मनात येतील. येऊ द्या. आज त्यांना उत्तर द्यायचं नाही.

आता एक बाई मनापुढे आणा. नाव एवढ्यात नको. ती पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहते. गावच्या विहिरीला पाणी आहे, पण खारं. त्यात डाळ शिजता शिजत नाही. मग पिण्याचं पाणी ती कुठून आणते? किती वाजता उठते? ती येईपर्यंत लहानग्याला कोण सांभाळतं? टाकीपाशी कुणाशी तिचं बोलणं बंद आहे?

थांबा. एकेका प्रश्नापाशी पुरेसं थांबा. तिच्या मुलीची शाळा का सुटली, हे तुम्हाला इथेच कळेल.

नवा लेखक आधी घटना शोधतो. मला वाटतं, आधी दिवस सापडावा. तिचा रोजचा दिवस तुम्हाला तोंडपाठ झाला, की एखाद्या सकाळी ती पाण्याला गेली नाही एवढंच लिहिलं तरी वाचक सावरून बसतो.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. शिंप्याच्या घरातली कौतिक, नवरा महादेव, पोरं आणि गरिबी, एवढीच या कादंबरीची सामग्री. कौतिकला संसार उभा करायचा आहे. त्यासाठी ती राबते, आणि उभा केलेला संसार पुन्हा पुन्हा ढासळतो. शेळके तिची कीव करत नाहीत, तिला देव्हाऱ्यातही बसवत नाहीत. ते तिच्या कामापाशी, तिच्या बोलण्यापाशी राहतात. मराठीत याहून मोठं शिक्षण नवख्या कादंबरीकाराला क्वचितच मिळेल. ‘धग’चं एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा आणि स्वतःला विचारा: या बाईला आत्ता, या क्षणी काय हवं आहे? आड कोण येतंय? आड येणारं माणूस बहुतेक वेळा तिच्याच घरातलं निघेल. मग हाच प्रश्न तुमच्या बाईला विचारा. उत्तर आलं नाही, तर लिहायची वेळ अजून झालेली नाही. आणखी बसा.

कादंबरीतल्या काळाची फार चिंता नको. मृगाचा पेरा, दिवाळीच्या आसपासची वेचणी, मग उलंगवाडी. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, हंगामाला धरून चाललात तर वर्ष आपसूक पुढे सरकतं.

आता तिला बोलू द्या. मनातल्या मनात ऐका. ती सासूशी बोलते, वावरातल्या सोबतिणीशी बोलते, बँकेतल्या साहेबाशी बोलते. ‘पैसे नाहीत’ ही एकच गोष्ट ती तिघांना कशी सांगेल? सोबतिणीपाशी ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ मोकळेपणी येतील. साहेबासमोर ती शब्द आवळेल, कदाचित अर्ध्यावरच थांबेल. त्या थांबण्यात ती सगळी दिसते. शेळक्यांनी निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद वऱ्हाडीत लिहिले. पुरुषोत्तम बोरकरांच्या ‘मेड इन इंडिया’ या कादंबरीत निवेदकच वऱ्हाडीत बोलतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. तुमची कोणती, ते हे तीन आवाज ऐकल्यावर ठरवा. पण बोली गंमत म्हणून वापरू नका. त्या बोलीत माणसं रडलीही आहेत, हे लक्षात असू द्या.

आता पेन घ्या. पहिलं प्रकरण आज नको. ती पाण्याला जाते आणि परत येते, एवढं एकच पान लिहा. लिहून झालं की वऱ्हाडातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला वाचून दाखवा. ‘आमी असं नाई बोलत’ असं ती जिथे म्हणेल, तिथे खूण करा आणि ती ओळ तिला विचारून पुन्हा लिहा.