मापकाचें माप

वजनें तपासणाऱ्यापाशींच खोटें वजन असलें, तर तो अपराध सामान्य दुकानदाराच्या लबाडीहून मोठा मानावा कीं नाहीं? प्रश्न जुना आहे. परंतु विद्युत् उपकरणांच्या या काळांत त्यास जें नवें रूप आलें आहे, त्याचा येथें विचार करूं.

विजेवर चालणारी वस्तु बाजारांत येण्यापूर्वीं तिची परीक्षा होते. ती वीजवाहिनींत किती उपद्रवी लहरी परत सोडते, हें मोजण्याच्या रीति व मर्यादा १९३४ सालीं स्थापन झालेली ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिति ठरवीत आली आहे. मोजणारें उपकरण वीस-वीस वर्षें टिकतें; त्यांतील एखादी चिप मात्र कारखान्यांत बनावयाची त्याआधींच बंद होते. बंद करणारे पुष्कळ कारखाने आगाऊ सूचना देतात. पण ती आमच्या रत्नागिरीसारख्या गांवच्या कारागिरापर्यंत कोण पोंचविणार? तो बापडा कोंकण रेल्वेनें मुंबई गांठतो व लॅमिंग्टन रोडवर दुकानामागून दुकान धुंडाळतो. (त्या रस्त्यास डॉ. भडकमकरांचें नांव मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच आहे.) तेथें न मिळाल्यास परदेशी दलाल आहेतच.

खरा धोका या वाटेवर आहे. भंगारांतील सर्किट-बोर्डावरून काढलेली चिप घासून, तिच्यावर नवा क्रमांक छापून ती कोरी म्हणून विकतां येते. अमेरिकन सिनेटच्या एका समितीनें २०१२ सालच्या अहवालांत लष्करी पुरवठ्यांतील अशा संशयित मालाचीं सुमारें १,८०० प्रकरणें नोंदविलीं; त्यांतील भागांची संख्या दहा लाखांवर होती.

जुनी चिप वापरण्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. विकणारानें ‘ही काढलेली आहे’ म्हणून सांगितलें, व घेणारानें ती बसवून उपकरणाचें अंशशोधन पुन्हां करविलें, कीं व्यवहार चोख झाला. परंतु आमचे कांहीं मित्र म्हणतात, ‘उपकरण चालूं झालें ना? मग झालें!’ घरच्या रेडिओपुरतें हें उत्तर ठीक आहे. त्याचा बिघाड कानांस कळतो. मापक उपकरण मात्र बिघडलें तरी आंकडा दाखवीतच राहतें, आणि त्या आंकड्यावर एखाद्या निर्दोष कारखानदाराचा माल नापास होतो, किंवा सदोष वस्तु प्रमाणपत्र घेऊन घरोघर जाते. येथें ‘चालतें’ म्हणजे ‘खरें’ नव्हे. आणि हा भेद ठाऊक असतो एकट्या त्या कारागिरास.

अंशशोधन होईपर्यंत उपकरण बंद ठेवावें लागतें व गिऱ्हाईक ताटकळतें, हें आम्ही जाणतों. तो तोटा कारागिरानें सोसावा कीं उपकरणाच्या मालकानें, यावर मात्र आमच्या मित्रमंडळींत अद्याप एकमत नाहीं.