रंगपटातले शील



भोसरीतील एका धम्मभगिनीने वंदना आटोपल्यावर एक प्रश्न विचारला. तो तिच्या एकटीच्या घरचा नाही; नुकतीच दीक्षा घेतलेल्या अनेक घरांत आज ना उद्या तो उभा राहणार आहे. म्हणून त्याचा विचार सर्वांनी मिळून करणे बरे.

या ताईंचा मुलगा एमआयडीसीतील एका कारखान्यात कामाला आहे. पहिली पाळी सुटली की तो सरळ घरी येत नाही, मैदानावर जातो. तेथे शिवकालावरील एका मोठ्या नाट्यप्रयोगाची तालीम चालते. त्याला मावळ्याचे काम मिळाले आहे. रोज संध्याकाळी तो लाठी फिरवतो, तटावर चढतो, ओळीने धावतो आणि रात्री अकराला घामाघूम होऊन घरी येतो. ताई म्हणाल्या, "भाऊ, आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. घरातल्या देवांच्या तसबिरी उतरवल्या. आणि आमचं पोरगं तिकडं मैदानात 'जय भवानी' म्हणतंय. ही प्रतिज्ञा मोडली की नाही? त्याला जाऊ देऊ की थांबवू?"

या प्रश्नाला चटकन उत्तर देणे सोपे आहे. कोणी म्हणेल, थांबवा. कोणी म्हणेल, अहो ते नुसते नाटक आहे, एवढे काय मनावर घेता? ही दोन्ही उत्तरे विचार न करता दिलेली आहेत. बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला तो विचार करून स्वीकारण्याचा धम्म आहे. म्हणून आधी ही गोष्ट काय आहे ते नीट पाहू.

उघड्या मैदानावरचे ऐतिहासिक महानाट्य हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही. बाबासाहेब पुरंदरे यांचे 'जाणता राजा' १९८० च्या दशकाच्या मध्यावर रंगमंचावर आले आणि पुढे गावोगावच्या मैदानांवर त्याचे प्रयोग झाले. मे २०२३ मध्ये पिंपरीच्या एच. ए. मैदानावर 'शिवपुत्र संभाजी' या महानाट्याचे प्रयोग झाले. लोक येतात, घोडे पाहतात, रोषणाई पाहतात आणि भारावून घरी जातात. परंतु प्रयोगाच्या आधी काय काय होते ते फार थोड्यांना ठाऊक असते. मैदान मोजले जाते. लोखंडी नळ्यांचे सांगाडे उभे राहतात. त्यांवर फळ्या ठोकून, रंग देऊन दगडी बुरुज तयार होतो. समोरून किल्ला दिसतो. मागे जाऊन पाहावे तर नळ्या, सुतळी आणि विजेच्या तारा. घोड्यांना उजेडाची आणि दारूकामाच्या आवाजाची सवय करावी लागते. 'जाणता राजा'सारख्या प्रयोगात संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. नटाने त्या आवाजाबरोबर ओठ आणि हात हलवायचे असतात. मुख्य कलावंतांच्या जोडीला गर्दीची कामे करण्यासाठी त्या त्या गावातील तरुण मुले-मुली निवडली जातात. आपल्या ताईंचा मुलगा त्यांतलाच एक.

आता शीलाचा प्रश्न. चौथे शील मुसावादापासून, म्हणजे खोटे बोलण्यापासून, दूर राहण्याचे. नट जे नाही ते आहे असे दाखवतो, मग तो खोटे बोलतो काय? पाली अट्ठकथांनी मुसावादाची चार अंगे सांगितली आहेत. गोष्ट खरी नसावी. फसवण्याचा हेतू असावा. त्या हेतूने प्रयत्न केलेला असावा. आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ समजलेला असावा. या कसोटीला नाटक लावून पाहा. समोर बसलेल्या माणसाला ठाऊक असते की हा मुलगा मावळा नाही, कारखान्यातला कामगार आहे. मुलालाही ठाऊक असते की याला ते ठाऊक आहे. फसवणारा कोणी नाही आणि फसणाराही कोणी नाही. तेव्हा भूमिकेतील वाक्य हे मुसावाद नव्हे. 'जय भवानी' हे त्या काळातल्या मावळ्याचे शब्द आहेत; ते उच्चारल्याने आजच्या बौद्ध तरुणाची श्रद्धा बदलत नाही. कर्माचे मोल चेतनेवर ठरते, हे भगवंतांनी स्पष्ट केले आहे.

नाच, गाणे, वाद्य आणि खेळतमाशे यांपासून दूर राहण्याचे शील आहे ना, असेही कोणी विचारील. आहे, पण ते उपोसथाच्या दिवशी घ्यावयाच्या अष्टशीलात आहे. गृहस्थाच्या नित्याच्या पंचशीलात नाटकाला मनाई नाही. इतकेच नव्हे, बौद्धांनी स्वतः नाटके लिहिली. अश्वघोषाच्या 'शारिपुत्रप्रकरण' या नाटकाचे तुकडे मध्य आशियात ताडपत्रांवर सापडले आणि १९११ साली ते प्रसिद्ध झाले. संस्कृत नाटकाचे इतके जुने हस्तलिखित दुसरे सापडलेले नाही. आणि त्याचा विषय कोणता? सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांचा संघप्रवेश! धर्मांतराचेच नाटक.

येथवर ताईंचा जीव हलका झाला. परंतु उत्तर येथे संपत नाही. खरे म्हणजे येथे सुरू होते.

रंगमंचावर तुमचा मुलगा मावळा असतो. पण रंगपटात, पडद्यामागे, तो कोण असतो? तेथे तो तोच असतो. पोशाख चढवण्याआधीचा आणि उतरवल्यानंतरचा माणूस. पहिल्या घंटेआधी नटराजाचे पूजन होते, नारळ फुटतो, कित्येक ठिकाणी देवीची आरतीही होते. त्या वेळी हात जोडणारा माणूस भूमिकेत नसतो. तेथे प्रेक्षक नाही, संवाद नाही, लेखकाने लिहून दिलेले काही नाही. तेथे जोडलेले हात स्वतःचे असतात. म्हणून मी म्हणतो, प्रतिज्ञा रंगमंचावर मोडत नाही. मोडलीच तर ती रंगपटात मोडते.

आणि पाळावयाची तीही तेथेच. कशी पाळावी? भांडून नव्हे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना त्यांची पूजा करू द्यावी. त्यांची टिंगल करू नये. आपण शांतपणे बाजूला उभे राहावे. कोणी विचारलेच तर नम्रपणे सांगावे, "मी बौद्ध आहे. माझे काम मी मनापासून करीन, पण पूजेत बसणार नाही." हे वाक्य म्हणणे तलवार फिरवण्याहून अवघड आहे. कारण रंगपटात सगळे मित्र असतात. एकटे पडण्याची भीती असते, उद्या काम काढून घेतील ही भीती असते. मैदानावर हजारो लोकांपुढे शूर दिसणे सोपे. चार मित्रांपुढे खरे राहणे कठीण. आपल्या मुलाचे शौर्य पाहायचे असेल तर ते येथे पाहा.

यापुढे आणखी एक पायरी आहे, आणि ती जास्त अवघड आहे. संयुक्तनिकायात तालपुट नावाच्या नटाची कथा येते. तो नटांचा प्रमुख होता. राजगृहाला वेळुवनात तो भगवंतांकडे आला आणि त्याने विचारले, "आमच्या जुन्या गुरूंचे म्हणणे असे की, जो नट खऱ्याखोट्याने लोकांना हसवतो, रिझवतो, तो मेल्यावर हसणाऱ्या देवांच्या संगतीत जातो. आपण काय म्हणता?" भगवंतांनी दोनदा त्याला थांबवले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा: लोकांच्या मनात लोभ, द्वेष आणि मोह आधीच असतात. नट ते आणखी भडकवतो. स्वतः बेभान होऊन दुसऱ्यांना बेभान करतो. अशाची गती स्वर्गाची नव्हे, नरकाची. तालपुट रडू लागला. भगवंत कठोर बोलले म्हणून तो रडला नाही. इतकी वर्षे आपल्या गुरूंनी आपल्याला फसवले म्हणून रडला. पुढे तो भिक्खू झाला आणि अर्हत झाला. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत.

नरक कोठे जमिनीखाली शोधत बसू नका. द्वेषाने पेटलेली वस्ती हा नरकच असतो. येथे लक्षात घ्या, भगवंतांनी नटाला खोटे बोलण्याचा दोष दिला नाही. त्यांनी दोष दिला तो प्रमादाचा, बेभानपणाचा. भूमिका तुम्हाला मुसावादातून सोडवते. प्रमादातून ती सोडवत नाही.

ऐतिहासिक नाटकात या प्रमादाची जागा कोठे असते? रंगपटात उभे राहून पाहा. गर्दीची कामे करणारा तोच मुलगा एका प्रवेशात मावळा असतो. प्रवेश संपला की मागे पळत येतो, पागोटे उतरवतो, दुसरा अंगरखा चढवतो आणि पुढच्या प्रवेशात मोगलांचा शिपाई होऊन निघतो. समोर बसलेल्यांना दोन सैन्ये दिसतात. रंगपटात दिसतो एकच घामेजलेला मुलगा आणि त्याची खुंटीला टांगलेली दोन पागोटी. हे सत्य फक्त मागच्यांना दिसते. म्हणून जबाबदारीही त्यांचीच मोठी. प्रयोग पाहून एखादा माणूस शेजाऱ्याला मोगल समजून घरी गेला, तर ते पाप कोणाचे? दौलतखानासारखा आरमाराचा अधिकारी शिवाजी महाराजांच्या पदरी होता. हे नाटकात आहे की गाळले आहे, हे विचारण्याचा हक्क तटावर चढणाऱ्या मुलालाही आहे.

गाळण्याचा विषय निघालाच आहे तर थोडे पुढे जाऊ. भोसरीहून आळंदी-मरकळच्या वाटेने गेले की तुळापूर लागते आणि तेथून वढू बुद्रुक जवळच आहे. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांची हत्या झाली. वढूला त्यांची समाधी आहे आणि जवळच गोविंद गोपाळ महार यांचीही समाधी आहे. महाराजांचे अंत्यसंस्कार गोविंद महारांनी केले अशी आपल्या समाजातील परंपरा. तो मान गावातील शिवले घराण्याचा, अशी दुसरी परंपरा. डिसेंबर २०१७ मध्ये याच समाधीजवळच्या फलकावरून तंटा झाला आणि १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावच्या परिसरात हिंसाचार झाला. आता एखादा नाटककार हा प्रसंग लिहील तेव्हा तो काय ठेवील आणि काय वगळील? ते मैदानावर ठरत नाही; पडद्यामागे, कागदावर ठरते. आपले नाव गाळले तर आपण जरूर विचारावे. परंतु सम्यक् वाचा आपल्यालाही लागू आहे. परंपरेला परंपरा म्हणावे, पुराव्याला पुरावा म्हणावे. दुसऱ्याने आपल्याला वगळले म्हणून आपण दुसऱ्याला वगळणे हा धम्म नव्हे.

आणि रंगपटातील शेवटची गोष्ट. सांगाडे बांधणारे, तारा ओढणारे, घोड्यांची लीद काढणारे, प्रयोगानंतर मैदान झाडणारे, यांना कोणी टाळ्या देत नाही. त्यांना चहा कोणत्या कपातून मिळतो? जेवणाची पंगत एक असते की दोन? मी स्वतः एका नाटकाच्या तालमीत काही दिवस होतो. नाटक आपल्याच माणसांचे होते, विषय महाडच्या चवदार तळ्याचा. आम्ही रोज २० मार्च १९२७ चा तो प्रसंग उभा करत होतो, ओंजळीने पाणी पीत होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या ध्यानात आले की, मैदान झाडायला येणारा माणूस आमच्या पिंपाला हात न लावता रस्त्यावरच्या नळावर जाऊन पाणी पितो. त्याला कोणी मना केले नव्हते. पण कोणी बोलावलेही नव्हते. ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते, माझ्याही नाही. त्या दिवशी मला तालपुटाचे रडणे समजले. आम्ही समता दाखवण्यात इतके बेभान झालो होतो की ती वागायची राहून गेली.

याचा अर्थ नाटक वाईट असा नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले ते लोकांना जागे करण्यासाठी. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांची चळवळ खेड्यापाड्यांत नेली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रा' नाटकाचा प्रयोग बाबासाहेबांनी स्वतः पाहिला होता आणि १९५६ साली नागपूरला दीक्षेसाठी जमलेल्या अफाट जनसमुदायापुढेही त्याचा प्रयोग झाला. तेही उघड्यावरचे आणि युगायुगांचा इतिहास सांगणारे नाटक. बेभान करणारे नाटक आणि जागे करणारे नाटक यांत फरक आहे, आणि तो फरक रोषणाईत नसतो. तो करणाऱ्यांच्या चित्तात असतो.

तेव्हा ताई, तुमच्या मुलाला थांबवू नका. त्याला मैदानावर जाऊ द्या. पण रात्री अकराला तो घरी आला की, आज तू कसे काम केलेस, एवढेच विचारून थांबू नका. जेवायला वाढता वाढता त्याला तीन गोष्टी विचारा. पूजेच्या वेळी तू कोठे उभा होतास? दुसरे पागोटे डोक्यावर चढवताना तुझ्या मनात कोणाविषयी द्वेष आला का? आणि मैदान झाडणाऱ्याला आज पाणी कोणी दिले?

या तीन प्रश्नांची उत्तरे तो नजर वर करून देऊ शकला, तर त्याची प्रतिज्ञा अभंग आहे. आणि हे प्रश्न त्याच्यापुरतेच आहेत असेही समजू नका. कारखान्यात, कचेरीत, लग्नाच्या मांडवात आपण सारेच कोणते ना कोणते सोंग घेऊन वावरतो. धम्मदीक्षा घेतल्याचे लोकांना समोरून दिसते. ती टिकली की नाही, हे मात्र पोशाख उतरवून आपण एकटे बसतो तेव्हा कळते.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.