दाण्यातले जीवनसत्त्व आणि माणसाचा अधिकार

भाताच्या पानांत बीटा कॅरोटीन असते. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. पांढऱ्या तांदळात मात्र ते नसते, आणि नुसत्या संकराने ते त्यात आणताही येत नाही. म्हणून इंगो पॉट्रिकुस व पीटर बायर यांनी २००० साली डॅफोडिल आणि एका जिवाणूची जनुके भातात घालून ‘गोल्डन राइस’ घडवला. मका आणि रताळे यांच्या काही वाणांत हे द्रव्य मुळातच असते, त्यामुळे तिथे निवड व संकर पुरतात.

ईश्वराने दिलेले धान्य असे बदलावे का, हा प्रश्न पालघर जिल्ह्यातल्या वसईत ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही शेतकऱ्यांच्या श्रद्धेला भिडतो. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बाग सोपवली आहे ती मशागतीसाठी आणि राखणीसाठी. तैत्तिरीय उपनिषद अन्नाची निंदा करू नये, अन्न वाढवावे, अशी व्रते सांगते. मशागत म्हटली की बदल आलाच. ज्या राजेळीची सुकेळी होतात, त्या केळीला रुजणारे बी नसते. माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुनवे लावत आला म्हणूनच ती टिकली. मिरची आणि रताळेही पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून या किनाऱ्यावर आले. पिकाला हात लावणे हेच पाप मानले, तर वसईची वाडीच उभी राहत नाही.

खरा पेच राखणीचा आहे. पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या २०१५च्या परिपत्रकात जनुकीय बदलाला सरसकट दोष दिलेला नाही. जमीन मोजक्या हातांत एकवटण्याची चिंता मात्र त्यात आहे. वसईला ही चिंता नवी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालची हरित वसईची चळवळ जमीन आणि पाणी यांसाठीच झाली. पालेभाजी, पपई, शेवगा देणारी वाडी इमारतीखाली गेली, तर ताटातली उणीव तांदळाच्या माथी मारणे अन्याय्य ठरते. शिवाय बीटा कॅरोटीन अंगी लागायला जेवणात थोडे तेल-तूप लागते, आणि गरिबाच्या ताटात नेमके तेच कमी असते.

तरीही याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे पाहिले की नुसता नकार पुरत नाही. जव्हारजवळच्या वावर-वांगणीतले १९९२चे बालमृत्यू महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांमागे एकच जीवनसत्त्व नव्हते, तर भूक, आजार आणि उपचारांचा अभाव होता. पण अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो, गोवरासारखा आजार जिवावर बेततो. वाडी परत येईपर्यंत मुलाने थांबावे, असे कोणताही धर्म सांगू शकत नाही. पोषक बियाणे देणे हे तिथे दयेचे नव्हे, न्यायाचे काम आहे.

न्याय म्हटला की बियाण्यावर हक्क कोणाचा, हे ठरवावेच लागते. भारताच्या २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याची, पेरण्याची आणि देण्याघेण्याची मुभा दिली. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. गोल्डन राइसच्या परवान्यातही वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्या शेतकऱ्याला शुल्क न देता बियाणे राखता येते.